पुराच्या तालमीत निर्णयांचाही सराव हवा

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर कृष्णाकाठी पुराची रंगीत तालीम होते. बोटी पाण्यात उतरतात, लाइफ जॅकेटे तपासली जातात. ते हवेच, पण ताण असताना माणूस निर्णय कसा घेतो, हे त्यात कळत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, तेव्हा तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. घाबरलेल्या गर्दीला ‘आता बास, उरलेले पुढच्या फेरीला’ असे ठामपणे सांगणे आयत्या वेळी सुचत नाही.

त्यासाठी गावपातळीवर टेबलावरचा सराव घ्यावा. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि बोट चालवणारा अशी सहा माणसे, गावाचा मोठा नकाशा, घड्याळ आणि बंद पाकिटे एवढे पुरते. सरावातली १० मिनिटे म्हणजे पुरातला एक तास. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फुटांवर असताना सुरुवात करावी. तिथे इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. मग एकेक पाकीट उघडायचे : कोयनेचा विसर्ग वाढवला, वारणेचाही वाढला, गोठ्यातली जनावरे सोडून यायला एक कुटुंब तयार नाही. एक निरोप सांगतो रस्ता सुरू आहे, दुसरा सांगतो पाण्याखाली गेला. एका पाकिटात ‘२००५ ला आमच्या दारात पाणी आले नव्हते’ एवढेच असावे. जुन्या खुणेवर विसंबून घर सोडायला उशीर करणे ही आपल्याकडची सर्वांत घातक चूक आहे, आणि ती शहाणीसुरती माणसेही करतात.

निरोप कधी आला, निर्णय कधी झाला, कशाच्या आधारावर आणि तो कोणाला कळवला, हे एकाने फक्त टिपत राहावे. मध्येच, न सांगता, सराव थांबवून नकाशा झाकावा. पाणी किती फुटांवर आहे, बोट कुठे आहे, कोणती वस्ती अजून रिकामी व्हायची आहे, तासाभराने काय होईल, हे प्रत्येकाला वेगवेगळे लिहायला लावावे. ताणात लक्ष आक्रसते. हातातल्या फोनपलीकडचे दिसेनासे होते. सहा जणांची उत्तरे शेजारी ठेवली, की कोणती माहिती कुठे अडकली ते उघड होते.

पाकिटातला मजकूर आधी फुटला किंवा वरिष्ठ साहेब टेबलाशी येऊन बसले, की सराव वाया जातो. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघतात. निरोपांचा भडिमार केला, तर नुसता गोंधळ मोजला जातो. चर्चा त्याच संध्याकाळी व्हावी, सर्वांत कनिष्ठाने आधी बोलावे, आणि दोषी शोधू नये. खोलीत कोणाचे घर बुडत नसते, त्यामुळे इथे लागलेला वेळ प्रत्यक्ष पुरात तसाच लागेल असे धरू नये. महिनाभराने नवी पाकिटे घेऊन पुन्हा बसावे आणि दोन वेळच्या नोंदी ताडून पाहाव्यात.

जिल्हा प्रशासनाने येत्या मे महिन्यात पलूस आणि मिरज तालुक्यांतल्या एकेका नदीकाठच्या गावापासून सुरुवात करावी आणि या नोंदी गावच्या आपत्ती आराखड्याला जोडाव्यात, ही विनंती.

— आपत्ती व्यवस्थापनाचे अभ्यासक, सांगली