रिकाम्या पाइपांचा हिशेब

इंदूर, मंगळवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ठेकेदाराच्या एस्टिमेटात रिकामे पाइप म्हणून जी ओळ आहे, ती काय भानगड? रिकाम्या पाइपाचे कोणी पैसे देतं का?" दादाकडे पाहुणे बसले होते, म्हणून मी विषय आवरता घेतला. पण शनिवारी स्लॅब पडतोय, आणि त्यातले पाइप सळयांना बांधायचे ते शुक्रवारपर्यंतच. एकदा काँक्रीट ओतलं की ती वाट बंद. म्हणून सविस्तर लिहिते.

रामबागेतलं घर आठवा. मूळचं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, काळ्या गोल बटणांचं. मग फोन आला, त्याची तार दाराच्या चौकटीवरून. अँटेनाची चपटी तार गच्चीवरून खाली. केबलवाल्याने खिडकीतून तार आत घेतली आणि ती खिडकी पुढे कधी धड लागलीच नाही. डास त्याच फटीतून यायचे. शेवटी इंटरनेटची पांढरी तार देवघराच्या कोनाड्यावरून खिळे ठोकत गेली. आई, गणपतीत तू तोरण नेमकं तिच्यावर बांधायचीस, ते मी पाहिलंय. यातली एकही तार घर बांधताना कोणाच्या डोक्यात नव्हती आणि असणंही शक्य नव्हतं.

तुमचं म्हणणं, मग लागतील त्या तारा आत्ताच टाकून मोकळं व्हावं. ते मला पटत नाही. अँटेनाची तार केबलला चालली नाही, केबलची इंटरनेटला चालत नाही. आज महागातली केबल प्लास्टरखाली गाडली आणि उद्या दुसरीच काही निघाली, तर पुन्हा भिंतीला छेनी-हातोडा. पाइपात मात्र जुनी ओढून काढायची, नवी घालायची. म्हणून तारा आत्ता जरुरीपुरत्या आणि पाइप सढळ हाताने, असं मी ठरवलंय. पैशाचं म्हणाल तर मजुरी धरूनही एका खोलीच्या टाइल्सइतका खर्च नाही.

प्रत्येक खोलीतून जिन्याखालच्या कपाटापर्यंत २५ मिमीचा एक जादा पाइप येईल. इंटरनेटचा डबा, कॅमेऱ्यांचा डबा, इन्व्हर्टर, सगळं त्या कपाटात. हे पाइप विजेच्या पाइपांपासून फूटभर लांब ठेवायला सांगितलंय आणि जिथे ओलांडायचे तिथे काटकोनात. टीव्हीमागे मात्र ५० मिमीचा लागतो, कारण एचडीएमआयच्या तारेचं डोकं बारीक पाइपाच्या बेंडमधून जात नाही. एवढा जाड पाइप साडेचार इंची भिंतीत घालणं बरं नाही, म्हणून टीव्ही नऊ इंची भिंतीवर हलवला. आई, तुझी शोकेस त्यामुळे समोरच्या भिंतीला जाईल. रागावू नकोस.

आमचा इलेक्ट्रिशियन कामाला चोख, पण वळणावर खुशाल काटकोनी एल्बो बसवतो. म्हणाला, "मॅडम, अभी तो खाली है, क्या फर्क पड़ता है!" मी त्याला तिथल्या तिथे तार ओढायची स्प्रिंग घालून दाखवायला लावली. एल्बोशी जाऊन ती अडली ती अडलीच. तेव्हापासून मोठ्या गोलाईचे बेंड आणि दोन वळणांनंतर एक जंक्शन बॉक्स. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी आधीच ओवून ठेवतोय, दोन्ही तोंडं टोपणाने बंद. तोंड उघडं राहिलं तर स्लॅब भरताना सिमेंटचं पाणी आत जाऊन थिजतं, आणि मग तो पाइप असून नसल्यासारखा. स्लॅब पाच इंचाचा आहे, म्हणून सगळे पाइप एका जागी जुडी बांधून न्यायचे नाहीत. तसं केलं तर त्यांच्यामध्ये काँक्रीट शिरत नाही आणि छत नेमकं तिथेच कमजोर राहतं. हे मात्र त्याला सांगावं लागलं नाही.

गच्चीवरून खाली एक स्वतंत्र पाइप सोलरसाठी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. यंदा नाही जमलं तर पुढे बघू, पण शेजाऱ्यांसारख्या बाहेरच्या भिंतीवरून लोंबत्या तारा नकोत. मीटरपासून पोर्चपर्यंत ३२ मिमीचा, विजेच्या गाडीच्या चार्जरसाठी. सात किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात, स्वयंपाकघराच्या बोर्डावरून ते भागत नाही. (बाबा, आपल्याकडे गाडीच नाही हे तुम्ही म्हणणार. माहीत आहे.) फाटकापासून घरापर्यंतचा पाइप अडीच फूट खोल, खाली-वर वाळू घालून. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, साधा पाइप तिच्यात टिकायचा नाही. तिथे दुपदरी नालीदार पाइप घालतोय.

आणखी एक. तुमच्या खोलीत पलंगाच्या उशाशी आणि न्हाणीघरात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एकेक रिकामा बॉक्स ठेवलाय. कधी बेल बसवावी लागली तर. आई, तुला हे आवडणार नाही. पण आत्ता बेल नाहीच, नुसतं झाकण आहे, रंगवलं की दिसणारही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू रात्री बाबांना हाका मारायचीस आणि ते श्रवणयंत्र काढून झोपलेले असायचे, हे मी विसरले नाही.

प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढणार आहे. बाबा, त्याची वही तुम्ही करायची. तुमच्या अक्षरात असली म्हणजे दहा वर्षांनी कोणालाही वाचता येईल, माझ्या नाही.

आता मला दोन उत्तरं हवीत. तुमच्या खोलीत उशी पूर्वेला की दक्षिणेला? आणि देवघरात समईशिवाय विजेचा दिवा लावायचा आहे का? आई "नको" म्हणाली तरी पाइप मी घालणारच आहे, पण कोणत्या बाजूने ते कळवा. गुरुवारी रात्री फोन करते, तोवर दोघांनी आपसात भांडून ठरवून ठेवा.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुमची,
मीनू