ग्रेशर्ट म्हणजे नापास नव्हे

डॅलस, टेक्सस
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. फराळ पोचला. चकल्या वाटेत मोडल्या, पण चुराही शिल्लक राहिला नाही. इकडे अजून उकाडाच आहे, त्यामुळे स्वेटरची घाई करू नका.

बाबा, परवा फोन नीट लागत नव्हता म्हणून लिहितोय. "बाकीची पोरं ऑगस्टमध्ये कॉलेजात गेली, हा एकटाच घरी कसा? नापास झाला काय?" असं पारावर लोक विचारतात म्हणालात. तुमचा नातू नापास झालेला नाही. बारावी मे महिन्यात चांगल्या मार्कांनी पास झाला. कॉलेजने नाही म्हटलेलं नाही, जानेवारीत ये म्हटलंय. इथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, याला ग्रेशर्ट म्हणतात. आईने विचारलं होतं की तो राखाडी शर्ट इथून शिवून पाठवू का. शर्ट कुठेच नसतो, आई. पूर्वी नेब्रास्कात सरावाला लाल शर्ट घालून वर्षभर बाहेर बसणाऱ्याला रेडशर्ट म्हणायला लागले, आणि मग प्रत्येक अवस्थेला एकेक रंग चिकटला. लवकर दाखल झालेला तो हिरवा, उशिरा येणारा तो राखाडी. माणसं मोठी विचित्र आहेत, पण हिशेब पक्का ठेवतात.

तो हिशेब असा. कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या पाच वर्षांत चार मोसम खेळता येतं. मोसम असतो ऑगस्ट ते डिसेंबर. यंदा ऑगस्टमध्ये गेला असता तर २०२५ चा मोसम बाकावर बसून गेला असता आणि घड्याळ मात्र चालू राहिलं असतं. जानेवारीत गेला की पहिला मोसम २०२६ चा. त्याआधी वसंतातली सरावाची १५ सत्रंही पदरात पडतात. म्हणजे वर्ष वाया गेलं नाही, पुढे सरकलं. युटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठाची कितीतरी पोरं दोन वर्षं धर्मकार्याला जाऊन येतात आणि मग खेळतात. त्यांना कुणी नापास म्हणत नाही.

कॉलेज हे का करतं? आपल्या पोराच्या कौतुकासाठी नाही, जागांच्या अडचणीमुळे. पूर्वी एका संघात ८५ स्कॉलरशिप आणि वर्षाला २५ नवी मुलं अशी मर्यादा होती. तरी कोच जास्त पोरांच्या सह्या घेत. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने ३७ जणांच्या घेतल्या, तेव्हा ते ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतात त्या गटाने २८ वर लगाम घातला. २०१० मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने तर हॉस्टेलात सामान लावून बसलेल्या पोराला ऐन ऑगस्टमध्ये सांगितलं, आता जानेवारीत ये. आता वर्षाला २५ ची अट गेली आणि यंदापासून बहुतेक मोठ्या संघांना एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. मोसमाच्या पहिल्या सामन्याला आकडा १०५ च्या आत हवा. मोसम संपला की शेवटच्या वर्षाची पोरं जातात आणि जागा सुटतात. आपल्याकडे अकरावीची दुसरी फेरी लागते, तसंच समजा. आणि आपला पोरगा किकर, म्हणजे पायाने चेंडू मारणारा. त्यांच्या जागा मुळातच दोन-तीन.

आता खरी जपायची गोष्ट. तो आत्ता घरून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात जातो, पण अर्धवेळ. १२ क्रेडिट झाले की पूर्णवेळ, आणि पूर्णवेळ म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी बसला की घड्याळ सुरू. नंतर विषय सोडला तरी ते थांबत नाही. वर तो बदली विद्यार्थी ठरतो आणि त्याचे नियम वेगळे लागतात. पोरं इथेच फसतात, कारण ती विषय मोजतात. साधा विषय ३ क्रेडिटचा, पण प्रयोगशाळा असली की ४ चा. असे तीनच विषय घेतले तरी १२ भरतात! म्हणून त्याचे इंग्रजी, गणित आणि इतिहास मिळून ९ आहेत, मी स्वतः तपासलेत. हे विषय पुढच्या कॉलेजात धरले जातील, असं लेखी विचारूनच फी भरली. शाळेत असताना केलेले कॉलेजचे विषय घड्याळात धरत नाहीत, ती काळजी नको.

"तोंडी शब्दावर पोरगं घरी बसवलंस?" हेही तुम्ही विचारलंत. नाही बाबा. कोचचा शब्द कोच असेपर्यंत, आणि मोसम बिघडला की इथे कोचला पहिलं घरी पाठवतात. खेळाडू ज्यावर सही करून कॉलेज पक्कं करायचा तो जुना राष्ट्रीय कागदही २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झाला. आता चालतो तो स्कॉलरशिपचा करार. त्यात चार गोष्टी पाहायच्या: सुरुवात "स्प्रिंग २०२६", म्हणजे जानेवारीचं सत्र, असं स्पष्ट लिहिलेलं, रक्कम पूर्ण की अर्धी, किती वर्षांसाठी, आणि सही कॉलेजच्या अधिकृत माणसाची, नुसत्या कोचची नव्हे. प्रवेशाची तारीखही जानेवारीवर वेगळी बदलून घ्यावी लागते. नाहीतर ऑगस्टचा प्रवेश बाद होतो आणि स्कॉलरशिप हातात असून वर्ग नाही. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडे शाळेचं शेवटचं गुणपत्रक गेलं का तेही पाहायचं. १६ ठरावीक विषय लागतात, त्याचे भरलेत. टेक्ससात मेंदूज्वराची लसही सत्र सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. दिवाळीनंतर घेऊ.

जानेवारीपर्यंत संघाबरोबर सराव नाही, त्यांची व्यायामशाळा नाही, जेवण नाही. गल्लीतल्या मैदानावर एकटाच मारतो. चेंडू उभा धरायला माणूस नसतो, म्हणून लोखंडी टेकू लावतो, सहा चेंडू मारतो आणि सहा चेंडू गोळा करून आणतो. शाळेत दोन इंचांपर्यंतच्या ठोकळ्यावर ठेवून गोलाला चेंडू मारता येतो. कॉलेजात १९८९ पासून थेट गवतावरून. पाय जमिनीच्या तेवढाच जवळ उतरावा लागतो, नाहीतर चेंडू खाली राहतो आणि समोरच्यांच्या हाताला लागतो. हे जमायला महिने लागतात. ते त्याला मिळालेत, हे पारावर सांगा.

वहिनींना सांगा, त्यांच्या धाकट्यासाठी ही वाट नाही. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला दर सत्राला पूर्णवेळच शिकावं लागतं. अर्धवेळ बसला तर व्हिसा अडतो. आपला इथेच जन्मला म्हणून जमतंय.

आता पैशाचं. या सत्राची फी, पुस्तकं, सगळं पदरचं. स्कॉलरशिप जानेवारीपासून. म्हणून या वेळी ५० हजारच पाठवले. गच्चीच्या कामाचे फेब्रुवारीत पाठवतो. गवंड्याला तोवर थोपवा, ताडपत्री मात्र आत्ताच घ्या. बाबा, मोतीबिंदूचं पुढे ढकलू नका, त्याचे पैसे यातच धरलेत.

आणि ताईच्या मुलीचं लग्न. तिथी बघून तारीख धरलीत, मला माहीत आहे. पण मला येणं जमणार नाही. डिसेंबरच्या ३ तारखेपासून तीन दिवस पुढच्या तुकडीच्या सह्या होतात. कुणाची जागा राहते आणि कुणाची जाते ते त्याच दिवसांत उघड होतं. त्याच आठवड्यात त्याची परीक्षा आहे. तिकिटाचे पैसे फीत गेले हे खरं, पण कारण तेवढंच नाही. ताईला मी अजून काही बोललेलो नाही. आई, आधी तू सांग, मग मी फोन करतो. अंतरपाटाच्या वेळी भाचीच्या मागे मामा म्हणून मीच उभा राहणार, असं ती पाचवीत असताना मी कबूल केलं होतं. दादा आहेच, तोही मामाच. माझ्या नावाचा शालू घ्या, रंग तिलाच निवडू द्या. बिल मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

औषधं वेळेवर घ्या.

तुमचा
धाकटा