सायली, शील्ड लावत जा

सांगली, रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल तू रागाने फोन ठेवलास, म्हणून सांगायचे राहिलेले लिहीत आहे. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून काढलेली यकृतपेशींची कुपी फुटली, तुकडा भुवईला लागला आणि फेस शील्ड मात्र खुंटीवरच होते, हे तू अगदी सहज सांगितलेस. झाकणातून आत झिरपलेला नायट्रोजन खोलीच्या उबेत सुमारे ७०० पट फुगतो, हे तुला मी सांगायला नको. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले, तू तर त्यातच काम करतेस. पण भुवईच्या खाली डोळा असतो, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

अमेरिकन औषधशास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्याबद्दल मी प्रथम तुझ्याकडूनच ऐकले. ॲसिटॅनिलाइड या जुन्या वेदनाशामकाचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि वेदना शमते ती त्यामुळे, हे त्यांनी व त्यांचे सहकारी ब्रॉडी यांनी १९४८ मध्ये दाखवले. पुढे औषधांचे रूपांतर करणारी यकृतातील विकरेही ॲक्सेलरॉड यांनी शोधली. हे सारे तू जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतेस. मला मात्र त्यात आधी, तरुणपणी अमोनियाची बाटली फुटून गेलेला त्यांचा डावा डोळा दिसतो. आणि हेही दिसते की त्यांना पीएच.डी. १९५५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर मिळाली, तरी १९७० मध्ये नोबेल मिळायचे ते मिळालेच. मग तुझा प्रबंध सहा महिने लांबला तर काय बिघडले? घाईतच शील्ड खुंटीवर राहते. प्रयोगशाळेत शिस्त हीच पहिली पात्रता असते, आणि ज्याला ती नाही त्याने...

असो. वर्गात बोलण्याची सवय सुटत नाही. राग मानू नकोस.

आबांचे दुखणे तुला आठवत असेलच. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू होते. नायट्यासाठी कोणीतरी फ्लुकोनॅझोल दिले आणि थोड्याच दिवसांत सकाळी दात घासताना बेसिन लाल होऊ लागले. एक गोळी दुसरीचा निचरा अडवते, एवढेच डॉक्टर बोलले. तू अकरावीत होतीस. दोन्ही पाकिटे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून, अडवते म्हणजे नेमके कुठे अडवते, हे तू मला रात्री उशिरापर्यंत विचारत होतीस आणि मला उत्तर येत नव्हते. गेल्या दिवाळीत ते तूच मला दिलेस: वॉरफरिन मोडणारे यकृतातले विकर सीवायपी२सी९, त्यातला हीम हा लोह असलेला भाग, त्या हीममधल्या लोहाला धरून बसणारी फ्लुकोनॅझोलसारखी ॲझोल गटातली औषधे, सारे रांगोळीच्या वहीच्या मागच्या पानावर काढून. ते पान तुझ्या आईने फाडू दिलेले नाही. आपल्या घरातल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुलीने शोधावे, याचा मला किती अभिमान आहे हे फोनवर कधी बोलता आले नाही, काल तर नाहीच.

ते चित्र काढायला दोन्ही डोळे लागले, हे लिहिणार नव्हतो, लिहून गेलो.

जखमेला टाके पडले का, हे तू सांगितले नाहीस. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेस का, तेही कळव. आईला मी फक्त खरचटले असे सांगितले आहे, तेव्हा तिच्याशी बोलताना तेवढेच सांग. नव्या टिपणाची प्रत पाठव. समजेल तेवढे वाचीन, न समजेल ते विचारीन.

तुझा,
बाबा