प्रगतिपुस्तकातला उंचीचा रकाना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात हजेरीच्या आसपास उंची आणि वजनाचे दोन रकाने असतात. पालक गुण पाहतात, शेरा वाचतात, सही करतात. त्या दोन आकड्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे की नाही, हे ठरवायला खरे तर तेच सर्वांत उपयोगी असतात.

पाचव्या वर्षापर्यंत लसीकरण आणि अंगणवाडीमुळे मुलाचे वजन-उंची कुणीतरी पाहत असते. नंतर मूल दवाखान्यात जाते ते ताप-खोकल्याला, आणि त्या गडबडीत उंची मोजायचे राहून जाते. वाढ मंदावली असेल तर वेळेवर लक्षात येण्याची वर्षे नेमकी हीच, ५ ते १२.

शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही. आपले मूल वर्षभरात किती वाढले ते पाहावे. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत उंची वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. वाढ ५ च्या खाली गेली तर डॉक्टरांना विचारावे. ४ च्या खाली असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नये. वाढीच्या तक्त्यावर, म्हणजे वयानुसार उंचीच्या रेषा आखलेल्या आलेखावर, मूल खालच्या रेषेवर असले तरी ती रेषा धरून वाढत असेल तर बहुधा काळजी नसते. मधल्या रेषेवरचे मूल दोन वर्षांत खालच्या रेषेवर घसरले तर मात्र असते.

यासाठी मोजमाप नीट हवे. पायात चप्पल-मोजे नकोत, मुलीचा अंबाडा किंवा उंच वेणी सोडावी. भिंतीला खाली पट्टी नसावी, जमिनीवर सतरंजी नसावी. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत. डोक्यावर पुठ्ठ्याच्या बांधणीचे पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरावे, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून मोजावे. कापडी टेप ताणला जातो. संध्याकाळी उंची सुमारे १ सेंटिमीटरपर्यंत कमी भरते, म्हणून दर वेळी सकाळीच मोजावे. दर महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, कारण मोजण्यातली चूकच महिन्याच्या वाढीपेक्षा मोठी असू शकते. सहा महिन्यांनी एकदा पुरे. तारखेसह लिहून ठेवावे.

घरात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘याचे बाबाही उशिराच वाढले’. काही घरांत ते खरेही असते. पण अशी मुले वाढीचा वेग साधारण टिकवून असतात आणि त्यांच्या हाडांचे वय, म्हणजे हाडे किती पक्व झाली ते, प्रत्यक्ष वयाच्या मागे असते. ते डाव्या हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर ठरवतील, आजी-आजोबांनी ठरवू नये. आई-वडिलांच्या उंचीवरून ढोबळ अंदाज मात्र घरी काढता येतो. दोघांच्या उंचीची बेरीज करायची. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि निम्मे करायचे. वडील १६८ आणि आई १५४ सेंटिमीटर असेल तर मुलासाठी १६७.५, मुलीसाठी १५४.५ येते. यात सुमारे ८ सेंटिमीटर इकडेतिकडे चालते.

‘जेवतो व्यवस्थित, गुटगुटीत आहे, फक्त उंची नाही’ असे पालक निर्धास्तपणे सांगतात. खरे तर हाच इशारा आहे. जास्त खाऊन जाड झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असते. वजन वाढते आहे आणि उंची थांबली आहे, तर थायरॉइड किंवा वाढीच्या हार्मोनचा विचार आधी करावा लागतो. थायरॉइड कमी पडत असेल तर रोजच्या गोळीने उपचार होतो. उंची आणि वजन दोन्ही मागे असतील तर आहार, आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, रक्तक्षय तपासावा. मुलीची उंची बरीच कमी असेल तर बाकी सगळे ठीक दिसले तरी गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. वाढ मंदावण्याबरोबर सकाळी डोके दुखणे, उलट्या किंवा नजर अधू होणे असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुसरीतली मुलगी एकदम वर्गात सर्वांत उंच झाली की घरात कौतुक होते. आठव्या वाढदिवसाआधी छातीची वाढ दिसू लागली, किंवा मुलात नऊच्या आधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर लगेच तज्ज्ञांना भेटावे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या अशा मुलांत लवकर मिटतात, आणि आज उंच दिसणारे मूल पुढे बुटके राहते. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. तेव्हा उपचारांसाठी येऊन फारसा उपयोग नसतो. उलट मुलीत १३ आणि मुलात १४ पूर्ण होऊनही काहीच बदल नसेल, तरीही दाखवावे.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि लोंबकळण्याचे व्यायाम या कशावरही उपाय नाहीत. त्यात पैशांपेक्षा वेळ जातो, आणि चकत्या मिटल्या की वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनेही उंची वाढवू शकत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करायला येतात. पालकांनी त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. शाळांना विनंती इतकीच, की जून आणि डिसेंबरमध्ये उंची खरोखर मोजावी, मागचा आकडा पाहून अंदाजाने भरू नये, आणि प्रगतिपुस्तकात गेल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी छापावेत.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा