अमेरिकेत ‘फरार’ कोणाला म्हणतात?

महोदय,

गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिल्याचा आरोप असलेल्या न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरला लुइझियाना राज्याच्या ताब्यात देण्यास न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नकार दिला. हा विषय निघाला की आमच्याकडे बहुतेकांना तो निव्वळ राजकीय हट्ट वाटतो. राजकारण त्यात आहेच, परंतु त्यामागे सव्वादोनशे वर्षांहून जुना असा एक कायद्याचा प्रश्नही आहे आणि तो वाचकांपुढे यावा, म्हणून हे पत्र.

मी आरोंद्याचा. पूल ओलांडला की पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेरेखोल नदी पार केलेला माणूस पोर्तुगिजांच्या हद्दीत गेलेला असे. आज मात्र सावंतवाडीच्या न्यायालयाचे अटक वॉरंट गोव्यातल्या पेडण्यातही बजावता येते, कारण फौजदारी प्रक्रियेचा कायदा देशभर एकच आहे. आरोपीला तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसरीकडे नेण्याची परवानगी, घेतला की त्याला इकडे आणता येते, आणि या सगळ्यात मुख्यमंत्र्यांची सही कोठेही लागत नाही. न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केल्यामुळे असे कागद मी जवळून पाहिले आहेत.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा, त्यामुळे आरोपी मागायचा तो एका गव्हर्नरने दुसऱ्याकडे. हा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा खरा कारभारी असतो. गुन्ह्याचा आरोप असलेला आणि न्यायापासून पळून दुसऱ्या राज्यात सापडलेला माणूस मागणी होताच सोपवावा, असे तेथील संविधानाचे चौथे कलम सांगते. तरीही १७९१ मध्ये, एका मुक्त कृष्णवर्णीयाला पळवून नेल्याचा आरोप असलेली माणसे पेनसिल्व्हेनियाने मागितली तेव्हा व्हर्जिनियाने ती दिली नाहीत. प्रकरण राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यापर्यंत गेले आणि त्यातून १७९३ चा कायदा झाला. पुढे एका गुलाम स्त्रीला पळून जाण्यास मदत करणाऱ्या माणसाला केंटकीकडे देण्यास ओहायोने नकार दिला, तेव्हा १८६१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की सोपवणे हे गव्हर्नरचे कर्तव्य खरे, पण ते करायला त्याला भाग पाडता येणार नाही. हा निर्णय फिरवायला १९८७ साल उजाडावे लागले. प्वेर्तो रिको आणि आयोवा यांच्यातील त्या खटल्यापासून केंद्रीय न्यायालये गव्हर्नरला तसा आदेश देऊ शकतात.

मग न्यूयॉर्कला नकार देता आला कसा? संविधानात ‘पळून गेलेला’ असे शब्द आहेत, आणि गुन्हा घडला म्हणतात त्या वेळी जो त्या राज्यात नव्हताच तो तेथून पळालेला ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्येच सांगितले आहे. घरच्या राज्यात बसून गोळ्या लिहून देणारी व्यक्ती कोठून पळाली? अशा व्यक्तीला सोपवायचे की नाही, हे बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी गव्हर्नरच्या मर्जीवर सोडले आहे.

याची दुसरी बाजू आपल्या लोकांसाठी अधिक महत्त्वाची आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत आणि नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्यात जातात. आरोपाच्या वेळी माणूस त्या राज्यात असेल आणि नंतर कोणत्याही साध्या कारणाने बाहेर पडला असेल, तरी कायद्याच्या भाषेत तो फरारच. पळण्याचा हेतू असावा लागत नाही. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटक कायदेशीर आहे का हे तपासण्यासाठी न्यायालयाकडे करायचा अर्ज करता येतो, पण त्यात तो दोषी की निर्दोष हे पाहिले जात नाही. कागदपत्रे वरवर पाहता नीट आहेत का, आरोप रीतसर ठेवला आहे का, माणूस तोच का आणि तो फरार आहे का, एवढेच न्यायालय तपासू शकते, असे १९७८ च्या निकालाने ठरले. निर्दोषत्व सिद्ध करायचे ते आरोप ठेवणाऱ्या राज्यात. शिवाय अटक होताच, या साऱ्या प्रक्रियेचा आपला हक्क सोडून देण्याच्या कागदावर आरोपीची सही मागितली जाते. वेळ वाचतो म्हणून पुष्कळदा ती देणे योग्यही ठरते, पण वकिलाला विचारल्यावाचून ती कोणी देऊ नये, असे मला फार वाटते.

अशा बातम्या देताना, आरोपी त्या वेळी त्या राज्यात होता की नव्हता, एवढी माहिती आपण आवर्जून द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, आरोंदा (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग)