डायक्लोच्या गोळ्या दिल्या नाही म्हणून थँक्यू, दादा

दादा नमस्कार,

मागच्या मे महिन्यात नवतपा सुरू असताना बस स्टँडसमोर तुमच्या मेडिकलवर धुळीनं माखलेला, डोक्याला दुपट्टा बांधलेला एक पोट्टा आला होता, "डायक्लो द्या दहा" म्हणत, म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. तो मी.

आम्ही सोलरच्या साईटवर पॅनल बसवतो. चाळीस एकरात एक झाड नाही, सावली म्हणजे पॅनलखालची, अन् तिथं बसलं तर वरून तापलेला पॅनल भट्टीसारखा झळा मारते. मुकादम पॅनल मोजून पैसे देणार, मग पाण्याच्या टाकीपर्यंत जाणार कोण? संध्याकाळी पिंडऱ्यात गोळे यायचे, कंबर धरायची, मग गोळी खाऊन झोपायचं, पंधरा दिवस हेच चाललं.

तुम्ही गोळ्या काढल्याच नाही, उलट विचारलं, लघवी किती वेळा होते अन् रंग कसा? मागं दोन बाया उभ्या होत्या, मले लय लाज वाटली, तरी सांगितलं, दिवसातून दोनदा, काळ्या चहासारखी. मले वाटे उन्हाळी लागली. तुम्ही म्हणाले, "अबे, अंगात पाणी नाही म्हणून किडनीले आधीच रक्त कमी पोचते, अन् ही गोळी तिची नस अजून आवळते." अन् दुकान पोराच्या भरवशावर सोडून गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी बिघडली की वाढते ते, 2.6 निघालं. तीन दिवस सलाईन, महिन्याभरानं 1.1.

तिथल्या डॉक्टर मॅडमनं सांगितलं, तिकडे एल साल्वाडोर, निकाराग्वात ऊसतोडीच्या कितीतरी जवान मजुरांच्या किडन्या शुगर-बीपी नसताना गेल्या, उन्हात राबणं हे त्यातलं मोठं कारण मानतात. मले वाटलं होतं किडनी म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं.

शेतकऱ्याले दिवसा लाईन भेटावी म्हणून हे प्लांट होऊन राहिले, चांगलंच आहे, माझ्या बापाची मोटरबी रात्रीच चालते. पण ती लाईन उभी करणाऱ्याले ग्लासभर पाणी नको का? आता मुकादमाशी भांडून हिरवी नेट बांधून घेतली, दर वीस मिनिटांनी कोणीतरी "पाणीऽऽ" ओरडते, अन् नवीन पोट्ट्याले पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस जुंपू देत नाही.

दादा, त्या दिवशीच्या ओआरएसच्या पाच पुड्यांचे पैसे राहिले. रविवारी बाजाराले येतो तेव्हा घेऊन घ्या.

तुमचा,
सोलरवाला पोट्टा