‘आरोपी’चा ‘गुन्हेगार’ करण्याची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तालुका पानावर शेतातल्या मोटारपंपाच्या चोरीची बातमी येते, तेव्हा एकाच माणसाला चार नावे लागतात. मथळ्यात तो ‘चोरटा’, पहिल्या ओळीत ‘सराईत गुन्हेगार’, मध्ये कुठेतरी ‘आरोपी’ आणि शेवटी ‘संशयिताला दोन दिवसांचा पीसीआर’ (म्हणजे पोलीस कोठडी). तोच शब्द पुन्हा नको म्हणून बातमीदार बदलून लिहीत असावा. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत.

‘गुन्हेगार’ फारसीतून आला. गुनाह म्हणजे पाप, अपराध; गार म्हणजे ते करणारा. मराठीत पापाचा भाग मागे पडून कायद्याचा पुढे आला, तरी ‘करणारा’ हा अर्थ शाबूत आहे. ‘आरोपी’ म्हणजे ज्याने केले असे कुणीतरी म्हणते तो. (संस्कृतच्या हिशोबाने आरोपी हा आरोप करणारा व्हायला हवा आणि ज्याच्यावर झाला तो आरोपित, पण कचेरीची मराठी व्याकरणाला विचारून चालत नाही.)

हा दुसरा शब्द किती सैल आहे ते ठाण्यातल्या प्रथम खबर अहवालातच दिसते. त्याच्या सातव्या रकान्याचे शीर्षक ‘माहीत असलेल्या, संशयित, अनोळखी आरोपीचा तपशील’ अशा अर्थाचे असते. म्हणजे चोर कोण हे कुणालाच ठाऊक नसते तेव्हाही कागदावर एक ‘अनोळखी आरोपी’ हजर! फिर्यादीने रागाच्या भरात चुलतभावाचे नाव सांगितले तर तेही त्याच रकान्यात जाते. तेवढ्याने गावात ‘त्याच्यावर केस लागली’ होते आणि सोयरीक मोडायला तेवढे पुरते.

पुढची वाट लांब असते. अटकेनंतर पोलीस कोठडी मिळाली की पीसीआर, ती संपून कारागृहात रवानगी झाली की एमसीआर. ‘एमसीआर झाला’ याचा अर्थ गावात शिक्षा लागली असा घेतात. प्रत्यक्षात जामिनाचा अर्ज बहुधा तिथूनच पुढे सरकतो. उलट सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक न करता नोटीस देता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ ची होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची आहे. अशी नोटीस घेऊन माणूस घरी आला की ‘ठाणेदाराला मॅनेज केलं’ अशी कुजबुज सुरू. माणूस कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र यावे लागते, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. दोषारोपपत्र हेही पोलिसांचे म्हणणेच. त्यावर न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षी होतात, पंच फितूर होतात, वर्षे जातात. या सगळ्या वाटेवर तो आरोपीच. आत असला तर न्यायाधीन बंदी, बोलीत कच्चा कैदी. दोषसिद्धी झाली की खुशाल ‘गुन्हेगार’ लिहा.

कित्येक प्रकरणे तिथवर जातच नाहीत. तपासात हाती काही लागले नाही तर पोलीस न्यायालयाकडे समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण करणारा सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमज किंवा मामला मुळात दिवाणी. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातून फिर्याद झाली तर चार कॉलम बातमी. तिचीच पुढे ‘क’ समरी मंजूर झाली तर एक ओळही नाही.

धुऱ्याच्याच भांडणात दोन्ही बाजूंवर ‘एकशेसात’ (जुन्या संहितेचे कलम १०७) होते, नव्या संहितेत ते कलम १२६. ही प्रतिबंधक कारवाई आहे. कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचे बंधपत्र घेतात, जास्तीत जास्त एक वर्षाचे. यात आरोपी कुणीच नसतो, कागदावर ‘गैरअर्जदार’ असतो. तरी ‘आठ गुन्हेगारांवर कारवाई’ असे छापून येते. ‘तडीपार’चेही तसेच. तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार, सरकारी भाषेत हद्दपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५७ खाली घालवायला आधीची शिक्षा लागते, कलम ५६ खाली लागत नाही. मुदत दोन वर्षांपर्यंत, आदेशाआधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते. बातमीत कलम दिले तरी वाचकाला फरक कळेल, पण नेमके तेच गाळलेले असते.

विजेच्या बातम्यांत ‘आकडेबहाद्दर’ हा शब्द लाडका. शब्द झकास आहे, वादच नाही. पण ३ एचपी मंजूर असताना कुणी ५ ची मोटार बसवली तर तो वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ खालचा अनधिकृत वापर होतो. दुप्पट दराने आकारणी होते, चोरी नव्हे. तारेवर आकडा टाकला तर कलम १३५, ती चोरी. तिथेही कलम १५२ प्रमाणे पहिल्या वेळी तडजोड करता येते. कायद्यातल्या तक्त्यात शेतीसाठी एचपीमागे २,००० रुपये आहेत, म्हणजे पाचच्या मोटारीला १०,०००. चोरलेल्या विजेचे बिल वेगळे. ही रक्कम स्वीकारली गेली की कायद्याने तो माणूस निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. आपल्या पानावर मात्र तो बहाद्दरच राहतो.

‘बालगुन्हेगार’ हा शब्द तर टाकूनच द्या. २०१५ च्या बालन्याय कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द जिभेला जड आहे, कबूल. ‘अल्पवयीन मुलगा’ लिहिले तरी भागते. मात्र नाव, शाळा, ओळख पटेल असा पत्ता छापणे कलम ७४ ने मना आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘अमुक गावच्या सरपंचाचा धाकटा मुलगा’ असे लिहिले की नाव न छापताही ओळख पटते.

राहिला ‘भामटा’. ‘भामट्याने महिलेला गंडवले’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी असते. भामटा हे एका जमातीचे नाव आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आजही आहे आणि ‘राजपूत भामटा’ ही वेगळी नोंदही आहे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार धरत असे. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला, पण जमातीचे नाव मराठीत लबाडाचे सामान्यनाम होऊन राहिले. ‘पारधी टोळी’ हा प्रयोग त्याच वळणाचा. इतर कुणाच्या टोळीला जातीचे नाव लागलेले आपल्या पानावर दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. बातमीच्या मथळ्यातला रकाना काढायला निकालाची गरज नाही. ठकबाज, लबाड, फसवणारा, तोतया असे शब्द मराठीत पडून आहेत. एटीएमवर कार्ड बदलून पैसे काढणाऱ्याला यातला कोणताही चालेल, आणि त्यातही अटक झालेल्याचे नाव छापायचे असेल तर त्याआधी ‘आरोपी’ लिहावे.

आपला,
एक वाचक (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ